कोळशाच्या शेगडीवर ओट्स: करपू नयेत, उतू जाऊ नयेत म्हणून

शेतावर, अंगणात किंवा गच्चीवर कोळशाच्या ग्रिलवर ओट्स करायला घेतले की बहुतेकांचं ठरलेलंच होतं. बुडाला काळा थर, वर अर्धवट कच्चे ओट्स आणि प्रत्येक घासाला राखेची कचकच. मग म्हणतात, ओट्स ही गॅसवरचीच वस्तू. तसं काही नाही. कणसं आणि चिकन भाजताना जी आच लागते त्याच आचेवर लोक ओट्स चढवतात, तिथंच सगळं बिघडतं.

ओट्सला दोन आचा लागतात. पाणी उकळेपर्यंत जोराची आणि ओट्स पडल्या क्षणापासून मंद. गॅसचं बटण फिरवलं की झालं, पण निखाऱ्याला बटण कुठलं? म्हणून दोन्ही आचा शेगडीत आधीच मांडून ठेवायच्या आणि भांडं इकडून तिकडं सरकवायचं. बाकी सगळा मजकूर या एका गोष्टीभोवतीचाच आहे.

खालची मापं चार माणसांची आहेत. वाटी म्हणजे २०० मिलिलिटरची, घरातली आमटीची नव्हे.

१. ओट्स कुठले आणि किती

दुकानात तीन प्रकार मिळतात आणि पुडक्यावर तिघांचीही चित्रं सारखीच. चपटे, जाड पोह्यांसारखे दिसतात ते रोल्ड ओट्स. कोळशावर हेच घ्या. ७ ते १० मिनिटांत शिजतात आणि आच थोडी कमीजास्त झाली तरी सांभाळून घेतात.

बारीक, पातळ, चुरा झालेले असतात ते झटपट ओट्स. ते दोन-तीन मिनिटांत होतात. कोळशावर तेवढ्या वेळात भांडं उतरवायला सांडशी सापडत नाही, म्हणून त्यांचा लगदा होतो. तेच हाताशी असतील तर पाणी उकळून भांडं खाली घ्या, मग ओट्स घाला आणि झाका. विस्तवावर ठेवूच नका.

तिसरे, दाण्याचे तुकडे केलेले स्टील-कट. दिसायला आपल्या हुग्गीच्या (गव्हाच्या खिरीच्या) भरडीसारखे, वागायलाही तसेच. कोरडे घातले तर २५-३० मिनिटं घेतात आणि तोवर निखारे बसतात. रात्रभर भिजवून ठेवले तर साधारण निम्म्या वेळात होतात. पहिल्यांदाच करत असाल तर यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रमाण: रोल्ड ओट्स २ वाट्या (सुमारे १६० ग्रॅम), पाणी ४ वाट्या, दूध १ वाटी, मीठ पाव चमचा. शिवाय अर्धी वाटी पाणी वेगळं गरम करून हाताशी ठेवा, कारण उघड्यावर, वाऱ्यात वाफ जास्त उडते. आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं इथं पाणी शंभरच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. पुडक्यावर ५ मिनिटं लिहिली असतील तर इथं सहा धरा. यापेक्षा जास्त विचार करायची गरज नाही.

२. आदल्या रात्रीची तयारी

सकाळी उठून कोळसा शोधणारा माणूस दहा वाजता नाश्ता करतो. रात्रीच सगळं एका पाटीत भरून ठेवा.

कोळसा: एका पातेल्यापुरता साधारण १ किलो लाकडी कोळसा पुरतो. मुठीएवढे तुकडे चांगले. अंड्याएवढे लवकर जळून जातात, नारळाएवढे पेटायलाच अर्धा तास खातात. पोत्याच्या तळाची भुकटी घेऊ नका, ती हवेची वाट बंद करते. बेळगावजवळच्या पावसाळी भागात, खानापूर, जांबोटीकडं, पावसाळ्यातच काय, दिवाळीपर्यंत कोळसा ओल धरून असतो. हातात घेऊन दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजला तर कोरडा, बद्द वाजला तर दुसऱ्या दिवशी उन्हात टाका. ओला कोळसा धुरतो आणि फुटून ठिणग्या उडवतो. जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या अथणी, चिकोडीकडच्यांना ही अडचण सहसा येत नाही. त्यांची अडचण वेगळी, ती पुढं येईल.

भांडं: जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, नाहीतर बिडाची कढई. पातळ जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं नको, त्यात बूड लागणार हे धरूनच चाला. नॉनस्टिकही नको, रिकामं तापलं की त्याचा लेप जातो. दांड्याला प्लास्टिक किंवा बॅकेलाइट असलेलं काहीही नको. पातेलं ओट्स आणि पाणी घालून निम्मं रिकामं राहील एवढं मोठं हवं. ओट्सच्या चिकाचा फेस येतो आणि तो दुधासारखा न सांगता वर चढतो.

पितळेचं कल्हईचं पातेलं घेणाऱ्यांना एक इशारा: त्यात ओट्स कोरडे भाजू नका. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळतं. पाणी असेपर्यंत धोका नाही, पण रिकामं भांडं निखाऱ्यावर तेवढं तापायला वेळ लागत नाही.

पाटीत आणखी: घट्ट बसणारं झाकण, लांब दांड्याचा लाकडी डाव, सांडशी, चिमटा, एक सुती फडकं, फुंकणी किंवा पुठ्ठा आणि बादलीभर पाणी. बादली पिण्याची नव्हे, विस्तवाची.

आणि बुडाला माती. ही मामीची शिकवण. पहिल्यांदा मी पातेलं तसंच चढवायला निघालो, तेव्हा ती शेणी मोडत बसल्या जागेवरून म्हणाली, "बुडाला माती लाव की आधी! मागनं घासत बसणार कोण, मी?" ओली माती, नसेल तर ओली राख, बाहेरून बुडाला आणि निम्म्या उंचीपर्यंत पातळ फासायची आणि वाळू द्यायची. काजळी मातीला लागते, पातेल्याला नाही. शिवाय आच थोडी सावकाश आत जाते, ते ओट्सच्या फायद्याचंच.

३. जागा

शेगडी सपाट, मोकळ्या जमिनीवर. सभोवती दोन-अडीच मीटर तरी सुकं गवत, पाचट, कडबा नको. अथणी-चिकोडीकडची अडचण म्हणतो ती हीच: उसाच्या फडाशेजारी, वाऱ्याच्या दिवसांत एक ठिणगी पुरते. तिथं फडापासून लांब, नांगरलेल्या रानात किंवा खळ्यावर बसा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आणि कुठल्याही राखीव जंगलात चूल मांडूच नका. थर्मासमधून गरम पाणी न्या आणि झटपट ओट्स खा.

वाऱ्याच्या बाजूला दोन विटा किंवा पत्रा आडवा लावा, पण शेगडीच्या खालच्या भोकांना हवा मिळू द्या.

*इशारा:* थंडी वाजते म्हणून शेगडी तंबूत, बंद व्हरांड्यात, गाडीत किंवा मोटारपंपाच्या खोलीत नेऊ नका. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजून माणसं झोपतात आणि उठत नाहीत. विझत आलेल्या शेगडीलाही हेच लागू.

४. कोळसा पेटवणं: इथं घाई करायची नाही

शेगडीत कोळसा पसरून वर रॉकेल ओतणारे अजून आहेत. रॉकेलचा वास कोळशात मुरतो आणि ओट्ससारख्या सौम्य पदार्थात तो पहिला कळतो. पेट्रोलचं तर नावच नको.

माझी पद्धत अशी. गोड्या तेलाचा मोठा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून घेतलाय आणि खालच्या कडेला खिळ्यानं बोटाएवढी भोकं पाडलीत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये शेगडीची जाळी जोडून घेताना तिथल्या पोऱ्यानं त्याला दांडाही लावून दिला. (नवा डबा एकदा रिकामाच जाळून घ्या, वरचा रंग जळू दे. त्या धुरात काही शिजवू नका.) डबा शेगडीत उभा करायचा, तळाला कागदाचे दोन बोळे, त्यावर करवंटीचे तुकडे किंवा शेणीचा एक तुकडा, वर कोळसा. खालच्या भोकातून काडी लावायची. हवा खालून वर ओढली जाते आणि फुंकायला लागत नाही.

डबा नसेल तर कोळशाची उतरंड रचा, मधे करवंटी आणि कापराच्या दोन वड्या ठेवा आणि पुठ्ठ्यानं खालून वारा घाला.

२० ते ३० मिनिटं लागतात. सुरुवातीला ज्वाळा आणि दाट धूर दिसतो. त्याला विस्तव म्हणत नाहीत. ज्वाळा बसल्या, धूर जवळजवळ थांबला, कोळशावर करड्या राखेचं पातळ पांघरूण आलं आणि आत लाल धग दिसली, की निखारा तयार.

*तपासणी:* सगळ्यात वरचे कोळसे बघा. एक जरी काळाकुट्ट असला तरी अजून पाच मिनिटं थांबा. अर्धवट पेटलेला कोळसा नंतर, ओट्स मंद आचेवर असताना, अचानक भडकतो.

५. निखाऱ्यांची मांडणी

आता तो मुद्दा. निखारे चिमट्यानं शेगडीच्या एका अर्ध्या भागात दोन थरांत रचा. दुसऱ्या अर्ध्यात मोजून चार-पाच निखारे विखरून ठेवा, एकमेकांना न लागता. पहिली बाजू पाण्याची, दुसरी ओट्सची. जाळी निखाऱ्यांपासून १० ते १५ सेंटिमीटर वर हवी. कमी असेल तर दोन बाजूंना विटेचे तुकडे सारून उचला.

*तपासणी:* जाळीपासून १०-१२ सेंटिमीटर वर तळहात धरा आणि सावकाश मोजा. जोराच्या बाजूला दोन-तीन म्हणेपर्यंत हात मागं घ्यावासा वाटला पाहिजे. मंद बाजूला सहा ते आठपर्यंत टिकला पाहिजे. चारलाच चटका बसला तर तिथला एक निखारा उचला. ज्यांचा हात कामानं राठ झालाय त्यांनी हा अंदाज दुसऱ्याकडून करून घ्यावा. आमच्या एका काकांचा हात दहापर्यंत जातो आणि त्यांचे ओट्स दरवेळी करपतात.

रात्री याच जाळीवर मासे किंवा चिकन झालं असेल तर आताच, तापल्यावर, कांद्याच्या अर्ध्या फोडीनं जाळी घासून घ्या. चरबी निखाऱ्यावर टपकली की धूर होतो आणि तो झाकणाखाली शिरतो.

६. ओट्स भाजून घेणं

उपम्याचा रवा न भाजता कोणी टाकत नाही, ओट्सला मात्र ही सवलत का देतात ठाऊक नाही. कोरडं पातेलं किंवा कढई मंद बाजूला ठेवा, ओट्स घाला आणि ३-४ मिनिटं सतत परता. रंग फार बदलत नाही, कडा किंचित तपकिरी होतात. वास सुटला की थांबा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपासचा वास असतो. भाजल्यानं ओट्स कमी चिकटतात आणि दाणा दाण्यासारखा राहतो.

चमचाभर तूप घातलं तर उत्तम. लगेच ताटलीत काढा. तापलेल्या भांड्यात राहू दिले तर तुम्ही चहाचा घोट घेईपर्यंत तळचे करपतात.

७. पाणी, मीठ आणि मग ओट्स

त्याच पातेल्यात ४ वाट्या पाणी आणि मीठ घालून झाकण लावा आणि जोराच्या बाजूला ठेवा. ८ ते १२ मिनिटांत खळखळून उकळतं. वारा असेल तर आणखी वेळ. घरात काहीजण थंड पाण्यातच ओट्स घालून चढवतात, त्यानं खीर जास्त मऊ होते हे खरं. पण कोळशावर भांडं जितका वेळ जोराच्या बाजूला, तितकी करपायची संधी. म्हणून इथं पाणी आधी, ओट्स मागून.

क्रम चुकवू नका:

पाणी उकळलं की *आधी* पातेलं मंद बाजूला सरकवा. दहा सेकंद थांबा, खळखळ कमी होऊ द्या. *मग* ओट्स एका हातानं भुरभुरवत आणि दुसऱ्या हातानं डाव फिरवत घाला. सगळे एकदम ओतले तर गुठळ्या होतात.

मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. डिसेंबरची सकाळ, जांबोटीकडचं शेत, हातांत थंडीनं जोर नाही. ओट्स उकळत्या पाण्यात जोराच्या बाजूलाच टाकले आणि झाकण लावून शेंगा फोडत बसलो. मिनिटभरात झाकण हललं, पांढरा फेस कडेनं खाली आला आणि निखाऱ्यावर पडताच 'फस्स' करून राखेचा लोट उठला. राख पातेल्यात, माझ्या स्वेटरवर आणि शेजारी ठेवलेल्या दुधात. निखारे निम्मे विझले. वर मामेभाऊ म्हणतो, "काय रे, अजून शिजंना झालंय?"

ओट्स पडल्यावर झाकण पूर्ण लावायचं नाही. डाव पातेल्यावर आडवा ठेवून त्यावर झाकण तिरकं टेकवा. वाफ निघत राहते आणि वरून उडणारी राख आत येत नाही. दर मिनिटाला एकदा बुडाला डाव लावून ढवळा. सारखं घोटत राहू नका, त्यानं चीक सुटून खळ होते. पातेलं दर दोन मिनिटांनी पाव फेरा फिरवा, कारण निखाऱ्याची धग सगळीकडं सारखी नसते.

*तपासणी:* कडेला संथ बुडबुडे यावेत, मधे अधूनमधून एखादा 'पच्' असा. सगळीकडून खळखळत असेल तर खालचा एक निखारा चिमट्यानं बाजूला करा. काहीच हालचाल नसेल तर जोराच्या बाजूचा एक आणा. फुंकणी मारायची असेल तर आधी झाकण पूर्ण लावा, नाहीतर राख थेट पातेल्यात.

सहाव्या मिनिटाला एक कण दातांखाली धरा. मधे पांढरी, कोरडी रेघ लागली तर अजून दोन मिनिटं. पाणी आटलं असेल तर बाजूचं *गरम* पाणी घाला. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं आणि मंद विस्तवावर पुन्हा तापायला वेळ लागतो.

बूड लागल्याचा वास आलाच तर? पहिली ओढ खरवडायची होते. तीच करायची नाही. ढवळणं थांबवा, भांडं खाली घ्या आणि वरचे ओट्स अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. करपलेला थर तिथंच राहू दे. एकदा खरवडलात की सगळ्या पातेल्याला तो वास.

८. उतरवणं, दूध आणि गूळ

पाहिजे त्यापेक्षा थोडे पातळ असतानाच उतरवा. डावातून सलग धार न पडता ठिबकत पडले पाहिजेत. ओट्स खाली ठेवल्यावरही पाणी पीत राहतात, आणि निखाऱ्यावर 'बरोब्बर' दिसले ते ताटलीत वडीसारखे थापले जातात. फडकं झाकणाखाली लावून पाच मिनिटं वाफेवर ठेवा.

दूध विस्तवावर घालू नका. ते बुडाला लागतं आणि पहिल्या सात चरणांवर पाणी फिरतं. वेगळं गरम करून आणलेलं १ वाटी दूध आता, खाली उतरवल्यावर मिसळा.

गुळाचं नीट ऐका, कारण इथं बहुतेकजण फसतात. आपल्याकडं साखरेपेक्षा गूळच हाताशी असतो, पण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. म्हणून गूळ किसून दोन चमचे गरम पाण्यात विरघळवा, फडक्यातून गाळा (खडे निघतात, मागाहून दात आठवण करून देतात) आणि ओट्स बोट लावता येईल इतके निवल्यावर घाला. चार माणसांना अर्धी वाटी किसलेला गूळ माफक गोड होतो. वेलची, भाजलेले शेंगदाणे, केळ्याच्या चकत्या. भाचा वरून बेळगावी कुंदा कुस्करून घालतो. मी आधी नाक मुरडलं होतं, आता मागून घेतो. पण तेव्हा गूळ निम्मा करायचा.

तिखट पाहिजे असतील तर दूध-गूळ वगळा आणि पाणी अर्धी वाटी कमी घ्या. भाजलेले ओट्स बाजूला काढल्यावर त्याच भांड्यात जोराच्या बाजूला तेल, मोहरी, कढीपत्ता, कांदा आणि एक संकेश्वरी मिरची तोडून घाला, कांदा मऊ झाला की पाणी ओता आणि पुढचा क्रम तोच. कल्हईच्या भांड्यात फोडणीही नको.

९. विस्तव विझवणं

खाऊन झाल्यावर शेगडी करडी दिसते आणि सगळे ती विझली असं धरून चालतात. राखेखालचा निखारा कितीतरी तास जिवंत राहतो. झाकणाची ग्रिल असेल तर वरखालची सगळी भोकं बंद करून ठेवा, उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. उघडी शेगडी असेल तर बादलीतलं पाणी लांबून, थोडं थोडं शिंपडा. एकदम ओतलं तर वाफ आणि गरम राख तोंडावर येते आणि पत्राही वाकतो. काठीनं ढवळा, पुन्हा शिंपडा. वाफ आणि चर्र आवाज पूर्ण थांबेपर्यंत.

*तपासणी:* हाताची मागची बाजू राखेच्या जवळ न्या, टेकवू नका. ऊब लागली तर अजून पाणी. राख प्लास्टिकच्या बादलीत, कचऱ्याच्या पिशवीत किंवा उकिरड्यावर त्याच दिवशी टाकू नका. पत्र्याच्या डब्यात रात्रभर ठेवा.

पातेल्यात मात्र ताबडतोब गरम पाणी ओता. वाळलेले ओट्स भिंतीला लावलेल्या खळीसारखे चिकटतात. बाहेरची माती ओल्या फडक्यानं पुसली की काजळीसकट निघून येते.